एआय कोर्स बनवतो, मग ट्रेनिंग डिपार्टमेंटने करायचं काय?

सावनी

मी बरीच वर्षं एल अँड डीमध्ये (लर्निंग अँड डेव्हलपमेंट, म्हणजे कंपनीचं ट्रेनिंग खातं) काम करते. आमच्या टीमचा निम्म्याहून जास्त वेळ कंटेंटमध्ये जायचा. विषयातल्या जाणकाराला गाठायचं, त्याच्या डोक्यातलं काढून घ्यायचं, स्टोरीबोर्ड, स्लाइड, व्हॉइसओव्हर, शेवटी क्विझ, मग सगळं एलएमएसवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, चढवायचं. यातलं बहुतेक आता एआय करतो. सकाळी पॉलिसीची पीडीएफ दिली की दुपारी मॉड्यूल तयार, तेही हव्या त्या भाषेत. साहजिकच वरून विचारणा सुरू झाली आहे की एवढी माणसं कशाला हवीत.

माझं मत स्पष्ट सांगते. कोर्स बनवणं हे या खात्याचं मूळ काम नव्हतंच. माणसाला त्याच्या कामात तयार करणं हे काम होतं. पण मोजायला सोपे म्हणून सगळीकडे कोर्सच मोजले गेले: किती बनवले, किती जणांनी पूर्ण केले, माणशी किती तास भरले. आता कोर्स बनवायला जवळपास काहीच लागत नाही, तेव्हा त्या आकड्यांत दम उरलेला नाही.

तुमच्याकडे काय चाललंय? ट्रेनिंगकडून आज तुम्हाला खरंच काय हवंय? ट्रेनिंगवाल्यांनी लिहाच, पण ज्यांना ट्रेनिंगला बसवलं जातं त्यांनी जास्त लिहा.

चार_ओळी

बसवलं जाणाऱ्यांपैकी मी एक. दरवर्षी तेच सायबर सुरक्षेचं मॉड्यूल, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. यंदा एका सहकाऱ्याने ब्राउझरमधल्या एआय एजंटला सांगून क्विझही सोडवून घेतली. शंभर टक्के मार्क. मॉड्यूल एआयने बनवलं होतं, पास पण एआयच झाला. 😀

जुना_जाणता

चार_ओळी, हसू आलं खरं, पण सगळी मेख तिथेच आहे.

डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्याचा कामाला फायदा झाला का. सगळे एल अँड डीवाले या चार पायऱ्या तोंडपाठ म्हणून दाखवतील. प्रत्यक्षात फीडबॅक फॉर्म आणि क्विझ झाली की गाडी थांबते, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांवरच. आता क्विझ एआय सोडवणार असेल तर दुसरी पायरीही गेली. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मला यात वाईट काही दिसत नाही.

थोडं मागे जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत १९४० ते १९४५ ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत कधी मशीनला हात न लावलेली माणसं आली. तेव्हा या लोकांनी कोर्स काढत बसण्यापेक्षा सुपरवायझरला शिकवायला शिकवलं. चार टप्पे: शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मागे लागून बघत राहा. सोळा लाखांहून अधिक जण यातून गेले. पुढे जपानमध्ये टोयोटाने हीच पद्धत उचलली. या कार्यक्रमाचं एक ठाम म्हणणं होतं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. कंप्लीशन रिपोर्टला यात जागाच नव्हती.

अवधूत७

मी उलट बाजू मांडतो. डिपार्टमेंटच नको.

काही अडलं की मी एआयला विचारतो, तिथल्या तिथे, माझ्याच कामाच्या संदर्भात उत्तर मिळतं. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या बॅचची वाट बघायची गरज नाही. आणि हे माझ्या एकट्याचं मत नाही. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या संशोधकांनी ५,१७९ कस्टमर सपोर्ट एजंटांवर अभ्यास केला, २०२३ मध्ये आला. बोलता बोलता एआय उत्तर सुचवतो, अशी सोय दिली होती. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, आणि नवख्यांच्या तब्बल ३४ टक्क्यांनी. नव्या माणसाला याहून चांगलं कुठल्या क्लासरूमने तयार केलंय?

भ्रमर_क

अवधूत७ +१. माझा पहिला महिना क्लासरूममध्ये गेला. कामाला लागल्यावर त्यातलं काहीच समोर आलं नाही.

तळटीप

अवधूत७, तो अभ्यास मीही वाचलाय आणि तो चांगलाच आहे. एक गोष्ट तुमच्या बाजूची आधी सांगते: सिस्टिम बंद पडायची तेव्हाही ही मदत घेतलेले एजंट बऱ्यापैकी चांगलं काम करत होते, म्हणजे थोडं का होईना, ते शिकले होते.

पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी राहिल्या. अनुभवी, आधीच चांगल्या असलेल्या एजंटांना या मदतीचा फायदा फारच कमी झाला. आणि त्या एआयला जे कळत होतं ते आलं कुठून? चांगल्या एजंटांनी ग्राहकांशी केलेल्या संभाषणांतून. जुन्या जाणत्यांचं कसब काढून नव्यांना वाटलं, इतकंच झालं. उद्या सगळेच सुचवलेलं उत्तर वाचून दाखवणारे असतील तर नवीन प्रकारची तक्रार आल्यावर पहिलं चांगलं उत्तर कोण शोधणार?

दुसरा अभ्यास तुर्कस्तानातला, शाळेतला आहे, पण इथे लागू पडतो. जवळपास हजार मुलांना गणिताच्या सरावात जीपीटी-४ दिला. एका गटाला साधा चॅट, दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने बेतलेला, जो उत्तर न देता फक्त पुढची दिशा सुचवायचा. सरावात साध्या चॅटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना एआय कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून गणितं सोडवल्यासारखं झालं ते. दिशा सुचवणाऱ्या गटाचं मात्र असं नुकसान जवळजवळ झालंच नाही.

एआय दोन्हीकडे तोच होता. त्याला कसं वागायला लावलं, तिथे फरक पडला. आणि ते कुणीतरी बसून ठरवावं लागतं. सावनी, ते ‘कुणीतरी’ तुम्ही असायला हवं.

कोडवाली

तळटीप यांचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. मी सॉफ्टवेअर टीम सांभाळते.

फ्रेशर आला की त्याला देण्याची काही ठरलेली कामं असायची. टेस्ट लिही, हा छोटा बग बघ, लॉग वाचून सांग रात्री काय झालं, हे जुनं फंक्शन नीट कर. या कामांची कंपनीला फारशी किंमत नव्हती. पण ती करता करता माणसाला सिस्टिम कळायची. कुठे हात लावला की कुठे दुखतं, हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नसतं. आज ही सगळी कामं एआय करतो. ज्युनिअर पहिल्या आठवड्यापासून मोठाले पुल रिक्वेस्ट (कोडमधले बदल तपासणीसाठी) टाकतात, कोड दिसायला स्वच्छ असतो, टेस्ट पास होतात. आणि विचारलं की इथे लॉक का घेतलंय, तर शांतता.

यात मी मुलांना दोष देत नाही. त्यांना ज्या पायऱ्या चढून वर यायचं होतं त्याच आपण काढून टाकल्या.

स्वतःच्या अंदाजावरही विसंबून चालत नाही. मीटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआयसह, काही एआयशिवाय. एआय वापरताना वेळ १९ टक्के जास्त लागला. त्यांना विचारलं तर ते म्हणाले आम्ही २० टक्क्यांनी वेगात होतो! १६ हा लहान आकडा आहे, टूल तेव्हापासून पुढेही गेलीत, त्यामुळे वेगाबद्दल मी त्यावरून निष्कर्ष काढणार नाही. पण आपल्याला काय जमतंय हे आपल्यालाच कळत नाही, हा भाग मला रोज दिसतो. मग फीडबॅक फॉर्मवर ‘मला खूप शिकायला मिळालं’ लिहिलेलं असलं तरी ते कसं मानायचं?

आमच्या टीममध्ये आता दोन नियम आहेत. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी ज्युनिअरने टूल बंद ठेवून मला किंवा दुसऱ्या सिनिअरला सांगायचं: काय बदललं, दुसरा कोणता मार्ग होता, तो का नाही घेतला, हे मोडलं तर आधी कुठे बघशील. आणि काही बग मुद्दाम एआयशिवाय सोडवायला राखून ठेवायचे. सुरुवातीला कुरकुर झाली. आता तीच मुलं एआयचं चुकलेलं पकडायला लागली आहेत.

हे मी माझ्या जबाबदारीवर करते. ट्रेनिंग डिपार्टमेंटला याचा पत्ताही नाही. त्यांनी मागच्या तिमाहीत आम्हाला प्रॉम्प्ट कसे लिहावेत याचं वेबिनार दिलं.

बोर्डवरचा

कोडवालीताई, तुम्ही जे आज अनुभवताय ते आमच्या क्षेत्रात माझ्या आधीच्या पिढीने अनुभवलं. मी प्रोसेस प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटर होतो, आता नव्या ऑपरेटरना तयार करतो.

लिझॅन बेनब्रिज या बाईंनी १९८३ मध्ये ऑटोमेशनवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: सोपं काम मशीनकडे जातं आणि माणसाकडे उरतं ते देखरेखीचं, आणि सगळं बिघडल्यावर सांभाळायचं. म्हणजे रोज हात चालवायची संधी नाही, पण वेळ आली की नेहमीपेक्षा जास्त कसब हवं. आणि एक वाक्य तर आजच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. आजच्या स्वयंचलित यंत्रणा ज्यांच्या भरवशावर चालतात ते ऑपरेटर एकेकाळी हाताने प्लँट चालवत होते, त्यांचं कसब पुढच्या पिढीकडे असेल असं धरून चालता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

आम्ही काय केलं? सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा खोटा प्लँट. प्लँट स्थिर चालू असताना शिकण्यासारखं फारसं घडत नाही, म्हणून बिघाड सिम्युलेटरवर घडवायचा. पंप अचानक बंद पाड, मोजणारं उपकरण चुकीचं रीडिंग दाखवू दे, अलार्मचा पाऊस पडू दे. ऑपरेटर काय बघतो, कशावर विश्वास ठेवतो, ते शेजारी बसून टिपायचं आणि नंतर त्याच्याशी बोलायचं. खरं शिक्षण त्या नंतरच्या बोलण्यात होतं. विमानवाल्यांचंही तेच. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने २०१३ मध्ये कंपन्यांना सूचना काढली की वैमानिकांना योग्य वेळी हाताने विमान उडवायला प्रोत्साहन द्या, कारण ऑटोपायलटच्या सततच्या वापराने हात बोथट होतो.

ऑफिसच्या कामाला सिम्युलेटर नव्हता. आता एआयमुळे तो बनवता येईल. सावनीताई, कोर्स बनवणारी माणसं तिकडे वळवा.

शुश्रूषा

बोर्डवरचा, वैद्यकीय क्षेत्रातून दुजोरा. पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आला. कोलोनोस्कोपीत गाठी शोधायला एआय वापरायला सुरुवात झाल्यावर, एआय नसताना केलेल्या तपासण्यांत गाठ सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. नवशिके नव्हेत, हे अनुभवी डॉक्टर होते. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, कारण एआयच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

रोबोटिक सर्जरीचा अनुभव वेगळा आहे. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये ज्युनिअरचे हात लागायचेच, त्याशिवाय काम होत नसे. रोबोट आल्यावर सिनिअर एकटा कन्सोलवरून सगळं करू शकतो, ज्युनिअर बघत बसतो. त्याला वगळण्याचा हेतू कुणाचा नसतो, फक्त त्याची गरज उरत नाही.

अवधूत७

मुद्दे पटायला लागलेत. तरी एक शंका. कॅल्क्युलेटर आल्यावर हाताने भागाकार विसरलो, काही बिघडलं नाही. प्रत्येक जुनं कसब जपायलाच हवं असं का?

तळटीप

@अवधूत७, सगळं जपू नये, बरोबर. चाळणी लावावी लागेल. माझा निकष असा: एआयचं उत्तर चुकलंय हे ओळखायला जे कसब लागतं ते जपायचं, बाकीचं खुशाल जाऊ द्यावं. कॅल्क्युलेटर भागाकार चुकत नाही. एआय चुकतो, आणि चुकतानाही आवाज तितकाच ठाम असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न तपासता कोर्टात दाखल केले, दंड झाला. बीसीजी या सल्लागार कंपनीच्या ७५८ सल्लागारांवरच्या प्रयोगात एआयच्या आवाक्यातल्या कामांत दर्जा आणि वेग दोन्ही वाढले. पण मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलेलं एक काम दिलं तेव्हा एआयवाल्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण १९ टक्के अंकांनी घसरलं. ती हद्द कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. आपल्या कामात ती कुठे आहे, हे टीमला शोधायला लावणं हेच मोठं ट्रेनिंग आहे.

भ्रमर_क

अवांतर: आमच्या नव्या एआय लर्निंग पोर्टलने मला प्रश्नावली भरायला लावून ‘तुम्ही व्हिज्युअल लर्नर (बघून शिकणारे) आहात’ असं सांगितलं आणि नुसते व्हिडिओ दिले. मला वाचायला आवडतं हो.

जुना_जाणता

भ्रमर, शिकण्याच्या अशा शैलींना फारसा आधार नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं. व्यक्तीच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ती जास्त शिकते याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. तीच गत ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के’ या त्रिकोणी चित्राची. आकडे कुठल्याच प्रयोगातून आलेले नाहीत. पण इंटरनेट या गोष्टींनी भरलेलं आहे, त्यामुळे एआयने बनवलेल्या कोर्समध्ये त्या हमखास डोकावतात. त्या गाळायला विषय कळणारा माणूस लागतो.

पुरावा आहे तो आठवून बघण्याला. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघा. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले.

केतन_क्लेम

मी विमा दाव्यांच्या विभागात आहे, आमच्याकडे सिम्युलेटरसारखा प्रकार सुरू झालाय म्हणून लिहितो. एआय दावेदार होतो. कधी घरातलं माणूस गेलेलं असतं, कधी चिडलेला असतो, कधी माहिती लपवतो. आपण बोलायचं. संपल्यावर तो लगेच मार्क देत नाही. आधी विचारतो, तुम्हाला कुठे वेगळं बोलावंसं वाटलं? मग एक-दोन जागा दाखवतो. खऱ्या माणसावर प्रयोग न करता अवघड बोलणं कितीही वेळा करून बघता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. दावेदार कसा वागेल हे मात्र आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी ट्रेनिंगच्या बाईंसोबत बसून लिहिलं. आधी विकत आणलेलं पॅकेज होतं, त्यातला दावेदार दोन वाक्यांत शांत व्हायचा. 😀

चार_ओळी

केतन, ते सरावाचं रेकॉर्डिंग कुठे जातं? आमच्याकडे असंच टूल आलं आणि अप्रेझलमध्ये मॅनेजरने सरावातला स्कोअर वाचून दाखवला. त्या दिवसापासून टीममधलं कुणी अवघड केस उघडत नाही, सगळे सोपी लेव्हल करून हिरवा टिक घेतात.

केतन_क्लेम

आमचं फक्त स्वतःला दिसतं. तसं लेखी आहे. नसतं तर मीही अवघड केसला हात लावला नसता.

प्रश्नचिन्ह

मॅनेजर म्हणून कटू वाटेल असं लिहितो. हे सगळं मान्य, वेळ कुठून आणू? एआय आला म्हणून माझं टार्गेट आधीच वाढवलंय. ज्युनिअरला एआयशिवाय बग सोडवू दिला तर तो बग उशिरा सुटतो, आणि तो उशीर माझ्या नावावर लागतो. शिवाय तयार केलेला माणूस दुसरीकडे जातो. गॅरी बेकरने १९६४ मध्येच मांडलंय की कुठेही चालणाऱ्या कौशल्यासाठी कंपनी स्वतःहून खर्च करायला तयार नसते. मग स्वस्तातलं काय, तर ज्युनिअर घ्यायचेच कमी. माझ्या शेजारच्या टीमने यंदा एकही फ्रेशर घेतला नाही.

बोर्डवरचा

प्रश्नचिन्ह, प्लँटमध्ये सिम्युलेटरचे तास शिफ्टच्या वेळापत्रकात धरलेले असतात. ते ऑपरेटरच्या किंवा शिफ्ट इन्चार्जच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. म्हणूनच होतात. तुमच्या टीमकडून एकट्याने हे होणार नाही, वरूनच ठरायला हवं. आणि फ्रेशर न घेण्याचा हिशोब आज बरोबर दिसतो, पण पुढे सिनिअर कुठून आणणार ते तुमच्या शेजारच्या टीमला विचारून बघा. बाजारातून म्हणतील. बाजारात ते कुणी तयार केलेले असतील?

कोडवाली

बोर्डवरचा +१. प्रश्नचिन्ह, माझ्याही नावावर उशीर लागतो. मी तो वेळ एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ करून दाखवते. दोनदा कापली गेली, आता राहते.

सावनी

सगळ्यांचे आभार. इतकं ठोस वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. वर जो प्रस्ताव देणार आहे त्यात काय बदललं ते लिहिते.

टीम वाचवण्याचं आर्जव त्यात नसेल. एआयमुळे मोकळी झालेली माणसं विभागांत जाऊन बसतील आणि एक गोष्ट शोधतील: या विभागातला नवखा माणूस आजवर कुठल्या कामातून शिकत होता आणि त्यातलं कुठलं काम आता एआयकडे गेलंय. कोडवालीने दिलेली यादी वाचेपर्यंत मी हा प्रश्न असा विचारलाच नव्हता. प्रत्येक विभागाची अशी यादी निघाली की तळटीप यांची चाळणी लावायची, आणि जे कसब जपायचं ठरेल त्याचा सराव कामाच्या वेळेत, वेळापत्रकात. प्रश्नचिन्ह, तुमच्या टार्गेटमधून तो वेळ वजा करण्याची मागणी त्याच प्रस्तावात आहे, नाहीतर बाकीचं सगळं कागदावरच राहील. सरावाच्या नोंदी अप्रेझलला वापरता येणार नाहीत, ही अट चार_ओळी यांच्यामुळे घातली.

एका ठिकाणी अडले आहे. कंप्लीशनचा आकडा काढून टाकला तर संचालकांना दर तिमाहीला काय दाखवायचं? युरोपच्या एआय कायद्याच्या चौथ्या कलमामुळे २ फेब्रुवारी २०२५ पासून एआय बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांवर कर्मचाऱ्यांच्या एआय साक्षरतेची जबाबदारी आली. आमचे ग्राहक तिकडचे आहेत, त्यामुळे आमच्याकडेही काहीतरी पुरावा मागितला जातो. त्यासाठी परत एक मॉड्यूल आणि क्विझ करायची मला अजिबात इच्छा नाही.

शुश्रूषा

आमच्याकडे प्रोसिजरचं लॉगबुक असतं. काय बघितलं, काय मदतीने केलं, काय स्वतः केलं, आणि प्रत्येक नोंदीखाली सिनिअरची सही. एआय सोबत होता की नव्हता असा एक रकाना वाढवा. तिमाहीला दाखवायला आकडाही मिळेल आणि तो खोटा नसेल.

कोडवाली

लॉगबुकची कल्पना उत्तम. आमच्यासाठी अजून एक रकाना हवा: एआयचं काय चुकलेलं पकडलं. ते वाचून पुढच्या बॅचसाठी सरावाच्या केस तयार होतील. सावनी, पहिली यादी काढायला आमची टीम घ्या. पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्यात) मी दोन ज्युनिअर आणि एक सिनिअर मोकळे करते.

अवधूत७

माझाही विभाग घ्या. डिपार्टमेंट नको म्हणालो होतो, पण असलं काम करणारं असेल तर हवं. यादीची सुरुवात मीच करून देतो: ग्राहकाचा पहिला ईमेल वाचून खरी अडचण काय ते ओळखणं. आमच्याकडे ते आता पूर्ण एआयकडे गेलंय.